मानव विकास आणि दारिद्र्य: प्रदेशागणिक बदलणारे नाते

नियोजन आयोगाच्या अंदाजानुसार १९७३-७४ साली भारतातील सुमारे ५५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. त्याच वर्षी केरळमधील प्रमाण जवळजवळ ६० टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही वाईट होते. पण त्या काळातही केरळ हे देशातील सर्वाधिक साक्षर राज्यांत अग्रभागी होते आणि तेथील बालमृत्युदर देशाच्या दराच्या निम्म्याहून कमी होता. लोक शिकलेले होते, मुले जगत होती, आणि तरीही घराघरांत पैशाची चणचण होती. पुढे २०११-१२ मध्ये, तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलेला देशाचा दारिद्र्यदर सुमारे २२ टक्के होता आणि केरळचा सुमारे ७ टक्के. मधल्या काळात दारिद्र्यरेषा ठरवण्याची पद्धत बदलल्यामुळे ६० आणि ७ हे आकडे थेट एकमेकांतून वजा करता येणार नाहीत. मात्र त्या त्या वर्षी देशाच्या तुलनेत हे राज्य कोठे उभे होते, हे पाहायला काहीच हरकत नाही, आणि ते पाहिले की सरासरीहून गरीब असलेले राज्य चार दशकांत सरासरीच्या एक तृतीयांशावर आल्याचे दिसते.

मानव विकास आणि दारिद्र्य यांचे नाते बहुतेक वेळा एका वाक्यात सांगितले जाते: विकास जास्त तेथे गरिबी कमी. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. या नात्यात काळाचे मोठे अंतर असते, ते दोन्ही दिशांनी चालते, आणि एकाच देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांत ते वेगवेगळ्या ताकदीने काम करते. कोणत्याही एका वर्षाचा नकाशा पाहून त्याबद्दल निष्कर्ष काढणारा माणूस खरे तर आजच्या उत्पन्नाची तुलना तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या शाळांशी करत असतो. हे सारे नीट समजण्यासाठी आधी दोन्ही गोष्टी मोजतात कशा, हे पाहावे लागेल.

मानव विकास निर्देशांक संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० साली पहिल्या मानव विकास अहवालात मांडला. त्यामागे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचा पुढाकार होता आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांचा आधार होता. देशाची प्रगती केवळ दरडोई उत्पन्नावरून जोखू नये. माणसे किती काळ आणि किती निरोगी जगतात, किती शिकतात आणि त्यांचे राहणीमान कसे आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, ही त्यामागील भूमिका होती. आरोग्यासाठी जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान घेतात. शिक्षणासाठी दोन गोष्टी घेतात: पंचवीस वर्षांवरील प्रौढांनी सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले आहे, आणि आज शाळेत प्रवेश करणारे मूल एकूण किती वर्षे शिकेल अशी अपेक्षा आहे. राहणीमानासाठी दरडोई उत्पन्न घेतात. प्रत्येक बाबीचे शून्य ते एक या पट्टीवर रूपांतर करून, २०१० पासून, त्यांची भूमितीय सरासरी काढली जाते.

भूमितीय सरासरी हा शब्द ऐकून वाचक पान उलटतो, पण त्यामागचा हेतू न्याय्य आहे आणि समजायला सोपाही आहे. समजा, एखाद्या प्रदेशाचा आरोग्याचा गुण ०.९, उत्पन्नाचा ०.९ आणि शिक्षणाचा केवळ ०.२ आहे. साधी सरासरी काढली तर ०.६६७ येते आणि तो प्रदेश मध्यम विकसित ठरतो. भूमितीय सरासरीत हे तीन गुण एकमेकांशी गुणून त्यांचे घनमूळ काढतात. ते सुमारे ०.५४५ येते आणि तोच प्रदेश ०.५५० च्या खालच्या, म्हणजे अल्प मानव विकासाच्या गटात जातो. पैसा भरपूर असला तरी त्याने शिक्षणाची उणीव पूर्णपणे झाकता येऊ नये, अशी ही रचना आहे. उत्पन्नाच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तेथे उत्पन्नाचा थेट आकडा न घेता त्याचा लॉगरिथम घेतात, त्यामुळे दरडोई उत्पन्न १,००० डॉलरवरून २,००० वर गेले काय किंवा २०,००० वरून ४०,००० वर गेले काय, निर्देशांकातील वाढ सारखीच मोजली जाते. गरिबाच्या हातातील पहिल्या हजार डॉलरला श्रीमंताच्या हजार डॉलरहून कितीतरी जास्त अर्थ असतो, हे या गणिताने मान्य केले आहे.

दारिद्र्य मोजण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली पैशाची: एक रेषा ठरवायची आणि तिच्याखाली किती लोक आहेत ते मोजायचे. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा २०२२ मध्ये दिवसाला २.१५ डॉलर झाली आणि जून २०२५ मध्ये, नव्या किंमत-तुलनेनुसार, ३ डॉलर झाली. हे डॉलर बाजारातील विनिमय दराचे नसून क्रयशक्तीने, म्हणजे त्या त्या देशात तेवढ्या पैशांत किती वस्तू मिळतात हे धरून, समान केलेले असतात. प्रत्येक देशाची स्वतःची रेषाही वेगळी असते. दुसरी पद्धत बहुआयामी दारिद्र्याची. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधन केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी २०१० पासून ती जागतिक स्तरावर वापरली. तिचे गणित सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी बसवले.

ही दुसरी पद्धत एका घरापुरती उलगडून पाहिली की तिचे मर्म कळते. समजा, प्रत्येक कुटुंबाला वंचिततेचे एकूण १८ गुण देता येतात. पोषण, बालमृत्यू, शालेय शिक्षणाची वर्षे आणि मुलांची शाळेतील उपस्थिती या चार बाबींना प्रत्येकी ३ गुण. स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर आणि मालमत्ता या सहा बाबींना प्रत्येकी १ गुण. ज्या कुटुंबाची वंचितता ६ किंवा त्याहून अधिक गुणांची, म्हणजे एक तृतीयांश किंवा जास्त, ते बहुआयामी गरीब. आता एका घरात कोणीही सहा वर्षांचे शिक्षण पूर्ण केलेले नाही, चूल लाकडांवर पेटते, शौचालय नाही आणि घर कच्चे आहे: ३ अधिक १ अधिक १ अधिक १ मिळून ६, म्हणून ते गरीब. शेजारच्या घरात एक मूल कुपोषित आहे, चूल लाकडांचीच आहे आणि घरही कच्चेच आहे: ३ अधिक १ अधिक १ मिळून ५, म्हणून ते गरिबांच्या यादीत येत नाही. दोन्ही घरांत फरक केवळ एका गुणाचा आहे. म्हणूनच या निर्देशांकात गरिबांची टक्केवारी एकटी पुरेशी मानत नाहीत, तर तिला गरिबांच्या सरासरी वंचिततेने गुणतात. चाळीस टक्के लोक गरीब असणाऱ्या दोन प्रदेशांपैकी एकात गरीब कुटुंबे सरासरी निम्म्या गुणांनी वंचित असतील, तर निर्देशांक ०.२० येतो, दुसऱ्यात ती चाळीस टक्के गुणांनी वंचित असतील, तर ०.१६ येतो. गरिबांची संख्या सारखी असली तरी गरिबीची खोली वेगळी असते.

इथे थोडे थांबून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अनेक अहवालांत ती निसटते. प्रदेशांचा मानव विकास निर्देशांक एका अक्षावर आणि दारिद्र्यदर दुसऱ्या अक्षावर मांडून बिंदूंची उतरती रांग दाखवली जाते आणि पाहा, मानव विकासाने दारिद्र्य घटते, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु मानव विकास निर्देशांकाचा एक तृतीयांश भाग उत्पन्नच आहे, आणि दारिद्र्यदरही उत्पन्नावर किंवा खर्चावरच ठरतो. एकच गोष्ट दोन्ही अक्षांवर बसवली की ती स्वतःशी जुळणारच. दारिद्र्य बहुआयामी असेल तर हा गुंता आणखी वाढतो, कारण शिक्षण आणि आरोग्यही दोन्हीकडे येतात. खरोखर काही शिकायचे असेल तर निर्देशांक फोडून पाहिला पाहिजे: आरोग्य आणि शिक्षण एका बाजूला, पैशाचे दारिद्र्य दुसऱ्या बाजूला, आणि शक्य असल्यास पहिल्याचे जुने आकडे दुसऱ्याच्या नव्या आकड्यांसमोर.

असे फोडून पाहिल्यावर विकासाकडून दारिद्र्याकडे जाणारी वाट दिसते, आणि तिची सुरुवात फार लहान वयात होते. ग्वाटेमालाच्या पूर्व भागातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतील मुलांना प्रथिनयुक्त पौष्टिक पेय मिळाले, तर दोन खेड्यांतील मुलांना प्रथिने नसलेले, कमी उष्मांकाचे पेय मिळाले. पुढे तीन दशकांनी संशोधकांनी त्याच मुलांना, आता प्रौढ झालेल्या माणसांना, शोधून काढले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेय मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. स्त्रियांच्या मजुरीत असा फरक दिसला नाही. मजुरीच्या बाजारातील स्त्रियांचे स्थानच वेगळे असल्याने केवळ सक्षम शरीर आणि बुद्धी त्यांना पुरेशी ठरत नसावी, असे मला वाटते. एखाद्या प्रदेशातील पोषणाची स्थिती आज सुधारली, तर त्या प्रदेशाच्या दारिद्र्यदरात तिचा पूर्ण परिणाम दिसायला पंचवीस-तीस वर्षे जातील, हे या प्रयोगातून कळते. एवढ्या काळात सरकारे बदलतात, आणि श्रेय घ्यायला कोणी शिल्लक राहत नाही. कदाचित म्हणूनच पोषणावरचा खर्च कायम मागे पडतो.

उलट दिशेची वाट अधिक ओळखीची आहे. गरीब कुटुंब मुलाला शाळेतून काढते, कारण त्याच्या हातांची आजच गरज असते. आजारपणात कर्ज काढते आणि ते फेडण्यासाठी जमीन किंवा जनावरे विकते. गर्भवतीच्या आहारात कपात होते आणि जन्माला येणारे मूल कमी वजनाचे असते. प्रदेशाच्या पातळीवर याला आणखी एक बाजू आहे. गरीब प्रदेशाचा कर कमी, म्हणून दवाखाने आणि शाळा निकृष्ट, म्हणून शिक्षक आणि डॉक्टर तेथे जायला नाखूष, म्हणून पुढची पिढीही तशीच. अशा तऱ्हेने दारिद्र्य आणि अल्प मानव विकास एकमेकांना धरून ठेवतात.

गुस्ताव रॅनिस, फ्रान्सिस स्टुअर्ट आणि अलेहान्द्रो रामिरेझ यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशांचे चार गट पाडले: आर्थिक वाढ आणि मानव विकास दोन्ही चांगले, दोन्ही वाईट, केवळ वाढ चांगली, आणि केवळ मानव विकास चांगला. त्यांना आढळले ते असे की केवळ आर्थिक वाढीत पुढे असणारे देश तेथे टिकले नाहीत. मानव विकासाचा पाया नसल्याने ते पुन्हा घसरले. मानव विकासात आधी पुढे गेलेल्या देशांपैकी काही मात्र नंतर दोन्हींत चांगल्या गटात पोहोचले. हा अभ्यास देशांचा आहे, प्रदेशांचा नव्हे, आणि म्हणून तो जसाच्या तसा प्रदेशांवर चिकटवता येत नाही. तरीही क्रमाचा मुद्दा महत्त्वाचा आहे: माणसांची क्षमता आधी वाढली तर वाढीची वाट मोकळी राहते, वाढ आधी झाली आणि क्षमता मागे राहिली, तर ती वाढ दमते.

प्रदेशांच्या पातळीवर हाच प्रश्न अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि गौरव दत्त यांनी भारतातील १५ राज्यांसाठी विचारला. बिगरशेती क्षेत्रातील उत्पादन सारख्याच प्रमाणात वाढले, तर दारिद्र्य सगळीकडे सारखेच घटते का? उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आले. १९६० ते १९९४ या काळात केरळमध्ये अशा वाढीचा दारिद्र्यावर सर्वाधिक परिणाम झाला आणि बिहारमध्ये सर्वांत कमी. आणि या दोन राज्यांतील तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग सुरुवातीच्या साक्षरतेतील फरकाने स्पष्ट होत होता. कारखाना, दुकान किंवा कार्यालय उभे राहिले तरी तेथे काम मिळवण्यासाठी वाचता-लिहिता येणे, निरोगी असणे आणि माहितीपर्यंत पोहोचता येणे गरजेचे असते. ते ज्यांच्याकडे नसते त्यांच्या डोक्यावरून वाढ निघून जाते. या लेखातील सगळ्या आकड्यांत मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो, कारण साक्षरतेमुळे पुढच्या प्रत्येक वाढीतला किती हिस्सा गरिबांपर्यंत पोहोचतो हे ठरते, असे तो सांगतो.

केरळची सुरुवातीची कोंडीही यातून समजते. क्षमता होती, पण तिला काम देणारी वाढ राज्यात नव्हती. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामाला वेग आला आणि केरळमधील हजारो माणसे तिकडे गेली. जाण्यासाठी अर्ज भरता येणे, नोकरीची माहिती मिळवता येणे, हिशेब कळणे, या साऱ्यांची तयारी आधीच झालेली होती. १९७० पासून अंमलात आलेल्या जमीन सुधारणांनी कूळ कुटुंबांच्या पायाखाली थोडी जमीनही दिली होती. बाहेरून आलेला पैसा राज्याच्या अंतर्गत उत्पादनात मोजला जात नाही, पण घरातील खर्चात दिसतो. त्यामुळे उत्पादनावरून पाहिले तर केरळ जितके वाटते त्याहून खर्चाच्या मोजणीत ते अधिक सुस्थितीत दिसते.

एका देशातील प्रदेश आणि स्वतंत्र देश यांच्यातील फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. प्रदेशांना स्वतःचे चलन नसते, त्यांच्या सीमा माणसांसाठी उघड्या असतात, आणि केंद्राकडून येणारा पैसा हा त्यांच्या अर्थकारणाचा मोठा भाग असतो. त्यामुळे एखाद्या प्रदेशाचे आरोग्य आणि शिक्षण स्वतःच्या उत्पन्नाविनाही सुधारू शकते, कारण शिक्षकांचे पगार बाहेरून येतात. उलट, तेथे शिकलेला तरुण दुसऱ्या प्रदेशात कमावू लागला तर त्याच्या शिक्षणाचे फळ दुसऱ्या प्रदेशाच्या खात्यात जमा होते. मागे उरलेल्या लोकांत वृद्धांचे प्रमाण वाढते. देशादेशांच्या तुलनेत मानव विकास आणि उत्पन्न यांचे नाते जेवढे घट्ट दिसते, तेवढे प्रदेशांच्या तुलनेत दिसत नाही, याचे हे एक साधे कारण आहे.

इंडोनेशियात या नात्याची दोन टोके एकाच देशात पाहायला मिळतात. पापुआ प्रदेशात ग्रासबर्ग ही जगातील सर्वांत मोठ्या सोन्या-तांब्याच्या खाणींपैकी एक खाण आहे. तरीही मार्च २०२३ मध्ये देशाचा दारिद्र्यदर ९.३६ टक्के असताना पापुआ प्रांतात तो सुमारे २६ टक्के होता, आणि देशाच्या मानव विकास निर्देशांकातही पापुआ तेव्हा तळाशी होता. खनिजाचे मूल्य प्रदेशाच्या उत्पादनात मोजले जाते, पण नफा, कर आणि कुशल कामगारांचे पगार मुख्यतः इतरत्र जातात. दुर्गम डोंगरी वस्त्यांपर्यंत शाळा आणि दवाखाना पोहोचत नाही. इंडोनेशियाच्या सांख्यिकी संस्थेने प्रांतांच्या निर्देशांकात उत्पादनाऐवजी लोकांचा दरडोई खर्च घेतला आहे. हा निर्णय शहाणपणाचा आहे. ज्या देशात खाणी, तेल किंवा बंदरे एखाद्या कोपऱ्यात एकवटली आहेत, तेथे प्रदेशाचे उत्पादन त्याच्या रहिवाशांच्या राहणीमानाबद्दल फारसे काही सांगत नाही.

त्याच देशात योग्यकार्ता आहे. विद्यापीठांसाठी प्रसिद्ध असलेला हा छोटा प्रांत मानव विकास निर्देशांकात जकार्ताच्या पाठोपाठ येतो. तरीही मार्च २०२३ मध्ये तेथील दारिद्र्यदर ११.०४ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होता. आयुर्मान उत्तम, शिक्षण उत्तम, आणि तरीही गरीब अधिक. याचा खुलासा निर्देशांकाच्या आत पाहिल्यावर होतो. निर्देशांकातील प्रत्येक बाब सरासरीची आहे, आणि सरासरी वरच्या लोकांच्या प्रगतीनेही वर जाते. दारिद्र्यदर मात्र खालच्या लोकांची गणना करतो. इतर प्रांतांतून शिकायला आलेले विद्यार्थी शिक्षणाची आकडेवारी उंचावतात, हा प्रांत देशातील सर्वाधिक विषम प्रांतांत मोजला जातो, मजुरी कमी आहे, आणि ग्रामीण भागात वृद्धांची संख्या मोठी आहे. सरासरी आणि तळ यांच्यातील ही दरी भरून काढण्यासाठी २०१० पासून विषमता-समायोजित मानव विकास निर्देशांकही काढला जातो, पण प्रदेशांच्या पातळीवर तो फारसा वापरात नाही आणि तो असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

यातून एक आणखी मोठा सापळा समोर येतो. प्रदेशांच्या आकड्यांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढणे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली याचे उत्कृष्ट उदाहरण दिले. त्यांनी १९३० च्या जनगणनेतून ४८ राज्यांचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्या लोकांचे प्रमाण अधिक होते, त्या राज्यांत निरक्षरता कमी होती. यावरून परदेशी स्थलांतरित अधिक साक्षर असतात असे म्हणता आले असते. पण एकेका माणसाची नोंद तपासली तेव्हा चित्र उलटे निघाले: परदेशात जन्मलेले लोक सरासरीने किंचित जास्त निरक्षर होते. ते केवळ अशा राज्यांत वस्ती करत होते, जेथील स्थानिक लोक अधिक शिकलेले होते. मानव विकास आणि दारिद्र्य यांचे नातेही असे फसवे होऊ शकते. विकसित प्रांतात गरीब माणूस राहतो, तेव्हा त्या प्रांताची सरासरी त्याच्या घराबद्दल काहीच सांगत नाही. आणि अविकसित प्रांतातील सधन माणूसही सगळ्या सरासरीबाहेर असतो. शिवाय प्रदेश किती मोठा घ्यावा, यावर नात्याची ताकद बदलते. प्रांताऐवजी जिल्हा, आणि जिल्ह्याऐवजी तालुका घेतला की एरवी एकसारखा दिसणारा प्रांत आतून फाटलेला दिसतो. म्हणून ज्याला प्रदेशाबद्दल बोलायचे आहे त्याने प्रांताच्या सरासरीवर न थांबता उपलब्ध असेल त्या सर्वांत लहान घटकापर्यंत जावे.

काळाचा मुद्दा अजून पुरेसा स्पष्ट झालेला नाही. मानव विकासातील काही बाबी संचित स्वरूपाच्या असतात. प्रौढांच्या शिक्षणाची सरासरी वर्षे घ्या. आज प्रत्येक मूल शाळेत जाऊ लागले, तरी साठ वर्षांचा माणूस त्याच्या बालपणी न झालेली शाळा सोबत घेऊनच जगतो, आणि प्रौढांची सरासरी वाढायला पिढी बदलावी लागते. ज्या प्रदेशाकडे चाळीस वर्षे दुर्लक्ष झाले, त्याच्या निर्देशांकात त्या दुर्लक्षाचा अनुशेष शिल्लक असतो. दारिद्र्यदर मात्र एका चांगल्या वर्षात किंवा थेट खात्यात जमा होणाऱ्या रकमेने झपाट्याने घटू शकतो. बहुआयामी दारिद्र्याच्या आतही असेच वेगवेगळे वेग आहेत. वीज, बँक खाते, गॅसची शेगडी आणि शौचालय काही वर्षांत घराघरांत पोहोचवता येतात. पोषण आणि शिक्षणाची वर्षे हळू चालतात. भारताच्या नीती आयोगाने राष्ट्रीय पातळीवर काढलेल्या निर्देशांकात, मातेच्या आरोग्याची आणि बँक खात्याची भर घालून बारा बाबी घेतल्या आहेत. त्यानुसार देशातील बहुआयामी गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. बिहारमध्ये ते सुमारे ५२ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांच्या आसपास आले, तर केरळमध्ये ते आधीपासूनच एक टक्क्याहून कमी होते. बिहारची घट खरी आहे आणि आनंदाची आहे. पण या घटीत कोणत्या बाबीचा वाटा किती, हे पाहिल्याशिवाय पुढची घट किती वेगाने होईल हे सांगता येत नाही, कारण सहज पोहोचवता येणाऱ्या सेवा एकदा पोहोचल्या की उरतात त्या चिवट बाबी.

ब्राझीलमध्ये नगरपालिकांच्या पातळीवर जनगणनांच्या आधारे काढलेला मानव विकास निर्देशांक हे प्रदेशागणिक बदल पाहण्याचे मौलिक साधन आहे. देशाचा निर्देशांक १९९१ मध्ये ०.४९३ होता, तो २०१० मध्ये ०.७२७ झाला. सर्वांत मोठी झेप शिक्षणात होती: ०.२७९ वरून ०.६३७. उत्पन्नाचा गुण मात्र ०.६४७ वरून केवळ ०.७३९ झाला. म्हणजे वाढलेल्या मानव विकासाचा मोठा भाग शाळांतून आला. २००३ मध्ये सुरू झालेल्या बोल्सा फामीलिया या योजनेत गरीब कुटुंबांना पैसे देताना मुलांची शाळेतील उपस्थिती आणि लसीकरण या अटी घातल्या होत्या. म्हणजे आजचे दारिद्र्य घटवणारी रक्कम उद्याच्या क्षमतेशी जोडली होती. तरीही २०१० मध्ये राजधानीच्या प्रदेशाचा निर्देशांक ०.८२४ होता आणि ईशान्येकडील आलागोआसचा ०.६३१. प्रत्येक प्रदेश पुढे गेला, पण प्रदेशांची उतरंड बहुतेक तशीच राहिली. मागासलेल्या प्रदेशांची प्रगती मोजताना अंतर किती कापले आणि पुढच्यांपासूनचे अंतर किती उरले, हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. केवळ क्रमांक सांगणाऱ्या याद्या या दोन्हींपैकी एकाचेही उत्तर देत नाहीत.

मग एखाद्या देशाकडे निधी आला, तर तो कोठे घालावा? इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात याचे एक उत्तर दिले. तेलाच्या वाढलेल्या किमतींमुळे आलेला पैसा वापरून सरकारने देशभर ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. वाटपाचा नियम लक्ष देण्याजोगा होता: १९७२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जितकी मुले शाळेबाहेर होती, त्या प्रमाणात तेथे नव्या शाळा. ज्यांच्याकडे आधीच जास्त होते, त्यांना कमी. ज्यांच्याकडे कमी होते, त्यांना जास्त. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढे प्रौढ झालेल्या त्या मुलांच्या मजुरीची पाहणी केली. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली तर मुलांचे शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढले आणि मजुरी १.५ ते २.७ टक्क्यांनी. एका शाळेने मिळणारा हा फायदा छोटा वाटेल. पण तो लाखो माणसांना मिळाला, आयुष्यभर मिळाला, आणि तो त्या जिल्ह्यांना सर्वाधिक मिळाला, जेथे त्याआधी मुले सर्वांत जास्त संख्येने शाळेबाहेर होती.